न वाळलेलं चित्र

१

दुपारच्या जेवणाची घंटा वाजली आणि मास्तर आले नाहीत, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. मास्तर आले की आधी सकाळची चित्रं बघत आणि मग जेवायला बसत. त्यांचं चित्राबद्दल बोलून झालं की इतरांच्या घशाखाली घास उतरायला वेळ लागे.

बेट लहानसं होतं. एका टोकाला दीपगृह, मध्ये विश्रामगृह, थोडी वाकडी झाडं आणि बाकी खडक. चित्रं काढायला म्हणून मंडळी आठवडाभरासाठी आली होती. सकाळी चहा घ्यायचा, सामान खांद्याला लावायचं आणि आपापली जागा धरायची. दोघांनी जवळ बसायचं नाही, हा मास्तरांचा नियम. “शेजारी माणूस असला की डोळा शेजाऱ्याच्या कागदावर जातो,” असं ते म्हणत.

व्हरांड्यातल्या लांब टेबलावर चित्रं मांडलेली होती, त्यांच्यावर वाऱ्यासाठी दगड ठेवले होते. फौजदारबाई खुर्चीत पाय लांब करून बसल्या होत्या आणि त्यांची धाकटी बहीण चष्मा पुसत होती.

“आक्का, हा वारा आहे की शिक्षा? पुसून डोळ्यावर ठेवला की लगेच मिठाचा थर. सकाळपासून आंधळ्यासारखी रंगवतेय मी.”

“चित्र बघून कळतंय,” फौजदारबाई म्हणाल्या.

पोलीस खात्यात असताना लोक त्यांना मागून फौजदारबाई म्हणत. निवृत्त झाल्यावर तोंडावर म्हणू लागले. आयुष्य लोकांना “खरं काय ते बोला” असं सांगण्यात गेलं होतं, आणि आता त्यांना कुणाचंच काही ऐकायचं नव्हतं, खरंही नाही आणि खोटंही नाही. गुडघे दुखत होते. धाकटीनं परस्पर नाव नोंदवलं म्हणून त्या आल्या होत्या. चित्रकलेतलं त्यांना एकच आवडलं होतं : दगड काढताना दगड उलटून बोलत नाही.

सगळे बसले, फक्त मास्तरांची लेक उभी होती. ती कधी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. पन्नाशीला टेकलेली, बारीक बांध्याची, घाईनं चालणारी. मास्तरांचे कागद फळीला चिकटवणं, पेन्सिलींना टोकं करणं, रोज सकाळी प्रत्येकाच्या नावाची पाण्याची बाटली भरून व्हरांड्यात ओळीनं ठेवणं, मास्तरांची औषधं, मास्तरांचा रुमाल, मास्तरांचा राग, सगळं तिच्याकडे. दिवसभर “अगं ए” अशी हाक यायची आणि ती जिथं असेल तिथून निघायची.

“आणते बोलावून,” ती म्हणाली. पण निघाली नाही. ताटं पुन्हा नीट लावत राहिली.

शेवटी विश्रामगृहाचा रखवालदार बघायला गेला. तो परत आला तो पळत.

“फौजदारबाई,” तो धापा टाकत म्हणाला, “तुम्हीच आधी चला. मास्तर पायऱ्यांखाली पडलेत. हलत नाहीत.”

२

बेटाच्या पूर्वेला कड्यात खोदलेल्या पायऱ्या होत्या. त्या उतरून गेलं की इवलीशी खाडी लागे. गोटे, मधोमध पाठ वळवून बसलेल्या म्हशीसारखा एक काळा खडक आणि त्यापलीकडे समुद्र. पायऱ्यांवर शेवाळ होतं. खाली जाऊ नका, असं मास्तरांनीच पहिल्या दिवशी सर्वांना बजावलं होतं.

ते शेवटच्या पायरीशी उताणे पडले होते. फौजदारबाई एक एक पायरी बसत उतरल्या. मागून दंतवैद्य आले. ते या गटातले तिसरे विद्यार्थी.

“मी दातांचा डॉक्टर आहे हो, बाई.”

“बघा तरी.”

त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मान हलवली. “गेलेत. डोक्याला मागून मार आहे. पाय घसरलेला दिसतो.” मग त्यांनी मास्तरांची उजवी मूठ दाखवली. मुठीत रुमाल होता, रक्तानं भिजलेला. “हे मात्र बघा. पडल्या पडल्या गेलेले नाहीत. रुमाल काढलाय, जखमेवर दाबलाय. थोडा वेळ शुद्धीवर होते.”

“म्हणजे हाक मारली असेल.”

“मारलीच असणार. पण वारा समुद्राकडे वाहतोय. वर कुणाला ऐकू जाणार?”

फौजदारबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. भरतीचं पाणी खडकाला वळसा घालून आत येत होतं. गोटे धुतले जात होते. कुणी येऊन गेलं असेल तर त्याची खूण आता उरणार नव्हती. त्यांनी मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला. नीट घडी घालून ठेवलेला होता. उजेडात धरून पाहिला. दोन्ही काचा लख्ख होत्या. त्यांनी तो परत ठेवला.

वर, पायऱ्यांच्या तोंडाशी, मास्तरांचं बस्तान होतं. घडीचं स्टूल, फळीवर चिकटवलेला कोरा कागद, कॅनव्हासची पिशवी, पाण्याची बाटली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, झाकण घट्ट. इथून खालची खाडी दिसत होती. काळ्या खडकाची पलीकडची बाजूसुद्धा.

लेक पायऱ्यांवरून अलगद उतरून गेली. वडिलांजवळ बसली. रडली नाही. त्यांचा एक मोजा खाली घसरला होता, तो तिनं वर ओढला.

“जेवण झाकून ठेवायला हवं,” ती म्हणाली. “माश्या बसतील.”

पलीकडच्या किनाऱ्यावरच्या पोलीस ठाण्याला फोन लागला. समुद्र खवळलेला होता, बोट सकाळीच निघणार होती. फोटो काढा, भरती पूर्ण चढायच्या आधी देह वर घ्या, असं त्यांनी सांगितलं, आणि शेवटी, “तोवर तुम्ही आहातच की, मॅडम.”

फौजदारबाईंनी फोन ठेवला. आयुष्यात कधी आला नव्हता इतका कंटाळा त्यांना त्या क्षणी आला.

“घसरून पडले, दुसरं काय?” धाकटी म्हणाली. “तुझा चेहरा असा का?”

“पाय घसरलेला माणूस पडल्यावर स्वतःचा चष्मा पुसून घडी घालून खिशात ठेवतो का गं?”

धाकटीनं आपल्या मिठानं आंधळ्या झालेल्या काचांतून बहिणीकडे पाहिलं आणि चष्मा हळूच काढून हातात घेतला.

३

विचारपूस व्हरांड्यातच झाली. फौजदारबाईंनी वही घेतली नाही, खुर्चीही बदलली नाही.

दंतवैद्य आधी आले. विहिरीपाशी झाड रंगवत बसलो होतो, म्हणाले. “माझं झाड बघून मास्तर म्हणाले असते, हे झाड आहे की सुजलेली हिरडी. दर वर्षी असंच काहीतरी म्हणतात. तरी येतो मी. घरी कुणी काही म्हणतच नाही.” त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

“कालची संध्याकाळ सांगा.”

दंतवैद्यांनी मान खाली घातली. “ते सगळ्यांनीच ऐकलंय.”

ऐकलं होतंच. मास्तरांचा एक पट्टशिष्य होता. बावीस-तेविशीचा असताना आला तो केस पांढरे व्हायला लागले तरी मास्तरांबरोबरच. आता त्याचं स्वतःचं नाव झालं होतं, स्वतःचे वर्ग होते. काल संध्याकाळी त्यानं मास्तरांना आपल्या प्रदर्शनाचं उद्घाटन करायला बोलावलं. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, “माझ्याच चित्रांच्या नकलांचं उद्घाटन मी कशाला करू? तुला हात आहे, रे. डोळा नाही.” शिष्य उठून गेला. जाताना म्हणाला होता, “तुम्ही आहात तोवर मला डोळा फुटायचाही नाही.”

“आज सकाळी कुठं होतात?” फौजदारबाईंनी त्याला विचारलं.

“दीपगृहापाशी. हे काय चित्र.” टेबलावरचं त्याचं चित्र सुरेख होतं. दीपगृहाची भिंत उन्हानं तापलेली दिसत होती.

“सबंध सकाळ?”

“चहा झाल्यापासून घंटेपर्यंत.”

लेकीनं उभ्याउभ्याच सांगितलं. “सगळे गेल्यावर भांडी आवरली. मग मागच्या खोलीत चादरी बदलत होते. तुमचीही बदललीय, बाई. उशीचा अभ्रा राहिलाय.”

“बसा ना जरा.”

“नको. बसलं की उठवत नाही.”

सगळ्यांत शेवटी रखवालदार. त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं, असं तो म्हणाला. “मी आपला सकाळी दीपगृहाच्या काचा पुसत होतो. वारा असला की रोज पुसाव्या लागतात. थेट घंटा वाजवायलाच खाली आलो.”

फौजदारबाई सावकाश वळल्या. “वरून सगळं दिसत असेल तुम्हाला. शिष्य कुठं बसला होता, भिंतीच्या उजवीकडे की डावीकडे?”

“कोण?” रखवालदार म्हणाला. “तिथं कुणीच नव्हतं, बाई. चिटपाखरू नव्हतं.”

४

शिष्य आपल्या खोलीत खाटेच्या कडेवर बसला होता. फौजदारबाई न बोलावता आत गेल्या आणि एकुलत्या एका खुर्चीत बसल्या.

“मी त्यांना मारलं नाही,” तो म्हणाला.

“मी तसं म्हटलंय का? तुमचं चित्र मघाशी बोटानं चाचपलं. माफ करा, परवानगी घेतली नाही. माझ्या बहिणीच्या चित्रावर बोट फिरवलं तर घासकागदासारखं लागतं, सगळीकडे वाळू. डॉक्टरांच्या चित्रात तर एक माशी चिकटलीय. या वाऱ्यात बाहेर बसून काढलेलं प्रत्येक चित्र तसंच असणार. तुमचं तेवढं गुळगुळीत आहे.”

कोपऱ्यातल्या मोरीत निळसर पाण्याचे ओघळ वाळलेले होते. फौजदारबाईंनी तिकडे नुसतं पाहिलं.

“इथंच बसून काढलंत. काय बघून?”

त्यानं उशीखालून मोबाईल काढून दाखवला. दीपगृहाचा फोटो होता, आल्या दिवशी काढलेला.

“किती वर्षं चाललंय हे?”

“बरीच. बाहेर बसलो की हातच चालत नाही. ते मागं येऊन उभे राहिलेत असं वाटतं. ते दुसऱ्या गावी असले तरी वाटतं.” तो हसला, पण ते हसणं अर्ध्यातच थकलं. “फोटोवरून चित्र काढणारा माणूस म्हणजे पत्रिका बघून संसार करणारा, असं ते म्हणत. आणि मी लोकांना बाहेर बसून कसं रंगवायचं ते शिकवतो. हे बाहेर कळलं तर संपलंच.”

“उद्या खुनाचा संशय आला तर?”

“तरी सांगितलं नसतं बहुतेक.” मग थोडं थांबून, “आता ते नाहीत. दुपारपासून मी खिडकीतून बाहेर बघतोय. वाटलं होतं, मोकळं वाटेल. अजून मागंच उभे आहेत.”

फौजदारबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांचा या माणसावर विश्वास बसला होता. पण साक्षीदार नाही आणि भांडण सगळ्यांनी ऐकलेलं. उद्या जो तरुण अधिकारी येईल तो सरळ याच्याकडेच बोट दाखवेल.

तेवढ्यात बाहेरून धाकटीची हाक आली. “आक्का! लवकर ये. मास्तरांच्या पिशवीत चित्र सापडलंय. शेवटचं!”

५

लेकीनं पिशवी वरून आणून आवरायला घेतली होती, आणि कागदांच्या मध्ये ते निघालं होतं. लहान चित्र, तळहाताहून थोडं मोठं. सही नव्हती. गोटे, त्यांच्यावर येऊन विरघळणारी लाट आणि वर खूप मोठं, जड, पावसाळी नसूनही पावसाचं वाटणारं आकाश. आकाश एका दमात दिलेलं होतं, डावीकडून उजवीकडे, कुठंही सांधा नाही. जलरंगात तसं करायचं तर मध्ये श्वास घ्यायचीही सोय नसते. हात थांबला की तिथं कड पडते आणि ती जन्मात जात नाही. एवढं फौजदारबाईंनाही चार दिवसांत कळलं होतं.

शिष्य खोलीतून आला. चित्राजवळ गेला आणि तोंडावर हात धरून रडू लागला. “कित्येक वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं,” तो म्हणाला. “मला वाटायचं, संपले ते. बघा. बघा हे आकाश.”

“बाबांचंच आहे,” लेक म्हणाली. “त्यांच्याच पिशवीत होतं.”

रात्रभर चित्र व्हरांड्यातल्या टेबलावर इतर चित्रांशेजारी राहिलं. सकाळी चहा घेता घेता फौजदारबाईंनी त्यावर बोट ठेवलं. कागद दमट होता. शेजारचा धाकटीचा कागद पापडासारखा कडक. दंतवैद्यांचा कडक. शिष्याचा कडक. सगळी चित्रं एकाच सकाळची, एकाच व्हरांड्यातली, आणि हे एकटं ओलसर.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. धाकटीखेरीज कुणी नव्हतं. त्यांनी बोट ओलं करून चित्राच्या कोऱ्या कडेवर घासलं आणि जिभेला लावलं.

“अगं, काय करतेस?” धाकटी किंचाळलीच. “निवृत्तीनं डोकं फिरलं की काय?”

“खारट,” फौजदारबाई म्हणाल्या.

“वाऱ्याचं मीठ असेल.”

“मग तुझ्या चित्रालाही असायला हवं. चाखून बघ.”

धाकटीनं बहिणीकडे पाहिलं, मग नाइलाजानं आपल्या चित्राची कड चाखली. “वाळू आहे. आणि नावाला खारट.”

“हे खारवलेल्या कैरीइतकं खारट आहे. मिठाचा कागद हवेतलं पाणी ओढत राहतो, म्हणून वाळत नाही. हे चित्र समुद्राच्या पाण्यात रंगवलंय. मास्तरांची बाटली वर होती, गळ्यापर्यंत भरलेली. त्यांनी काल कुंचला ओला केलाच नव्हता.”

“मग हे मास्तरांचं नाही?”

“नाही. काल सकाळी आणखी कुणीतरी त्या खडकाआड बसलं होतं. मास्तर पडले, शुद्धीवर होते, हाका मारत होते. आणि हे माणूस ऐकू येईल इतक्या अंतरावर बसून आकाश रंगवत होतं.”

धाकटीनं कप खाली ठेवला. “पण बाटली असताना समुद्राचं पाणी कोण घेईल?”

“बाटली असताना कुणीच नाही,” फौजदारबाई म्हणाल्या, आणि त्यांना एकदम खूप म्हातारं झाल्यासारखं वाटलं. त्यांनी चित्र उचललं आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या.

६

लेक ओट्याशी ब्रेड कापत होती. सगळ्यांसाठी, जाडी मोजल्यासारखी सारखी.

“रोज सकाळी बाटल्या तुम्ही भरता,” फौजदारबाई दारातून म्हणाल्या. “प्रत्येकाला एक. तुम्हाला स्वतःला कुठली?”

सुरी थांबली.

“एक जास्त भरली असती तर मास्तरांनी विचारलं असतं, ही कुणाची. म्हणून भरली नाहीत. कागद आणि रंग त्यांच्या सामानातून लपवून नेता आले, पाणी तेवढं नेता आलं नाही. आणि चष्मा. वर्षानुवर्षं दिवसातून दहादा त्यांचा चष्मा पुसून घडी घालून खिशात ठेवणारा हात एकच आहे. मला वाटतं तो हातांनीच पुसला. तुम्हाला कळलंही नसेल.”

लेकीनं सुरी खाली ठेवली. हात पदराला पुसले. मग फौजदारबाईंनी पुढे ओढलेल्या स्टुलावर ती बसली.

“पुसला का मी?” ती म्हणाली. “मला खरंच आठवत नाही.”

तिनं ओट्यावरचा ब्रेडचा चुरा बोटानं गोळा केला. फौजदारबाईंनी घाई केली नाही.

“लहानपणी मी काढायचे. बाबा म्हणाले, एका घरात दोन चित्रकार म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. आई गेल्यावर तर प्रश्नच नव्हता. पण इथं आल्यापासून ते आकाश रोज समोर. काल म्हटलं, एक छोटंसं. कुणाला कळणार आहे? खडकाआड बसले. त्यांना वरून दिसेन, हे लक्षातच आलं नाही. ते रोज दुसरीकडे बसतात.”

“त्यांनी पाहिलं.”

“ओरडले वरून. ‘कुणाचा कागद आहे तो? कुणी दिला तुला?’ आणि उतरायला लागले असणार. मी मान वर केली नाही. बाई, आकाश नुकतं सुरू केलं होतं. ओला रंग खाली यायला लागला होता. थांबले असते तर गेलं असतं सगळं.” तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. “पहिली हाक रागाची होती. मग काही नाही, नुसत्या लाटा. मग दुसरी आली, ‘अगं ए’, ती पाणी मागतात तशी वाटली. रोज मारतात तशीच. म्हटलं, आले बाबा, एवढं होऊ दे. तिसरी...”

“तिसरी?”

“तिसरी मी ऐकली नाही, असं ठरवलं.”

बाहेर धाकटी कुणाशी तरी बोलत होती. ओट्यावरची भांडी उगीचच चमकत होती.

“झाल्यावर गेले. तेव्हा ते शांत होते. मला वाटलं, रुसलेत.”

फौजदारबाईंनी आयुष्यात पुष्कळ जबान्या ऐकल्या होत्या. ऐकून झाल्यावर माणूस बरोबर की चूक, हे ठरवण्याची सवय जडली होती. आत्ता ती सवय पुढे येईना.

“त्यांच्या पिशवीत का घातलंत?”

“फाडायला गेले. फाडवेना. बाबांचं म्हटलं असतं तर कुणीतरी नीट ठेवलं असतं.”

“आणि आज बोटीनं येणारा साहेब शिष्याला घेऊन गेला असता तर? दीपगृहापाशी तो नव्हता, हे काल सगळ्यांनी ऐकलं. तेव्हा तुम्ही चहाचे कप उचलत होतात.”

तिचा चेहरा प्रथमच उतरला. “ते मात्र माझं चुकलं,” ती म्हणाली. “हाकेचं मला अजून कळत नाही, बाई. पण ते मला कळतं.”

“मग ऐका. साहेबांना हे मी सांगितलं तर तो मी लावलेला शोध होईल; त्यांना वाटेल, पकडली गेली. तुम्ही आधी सांगा. सगळं, तिसऱ्या हाकेसकट.”

“मला अटक करतील?”

“तुम्ही ढकललं नाही. पुढं काय ते त्यांचे डॉक्टर देहाची तपासणी करून ठरवतील. मी बाजूला बसेन. त्याहून जास्त मला काही करता येत नाही.”

लेकीनं मान डोलावली आणि सवयीनं उठायला लागली. ब्रेड अर्धाच कापून झाला होता.

“बसा,” फौजदारबाई म्हणाल्या, आणि सुरी स्वतः हातात घेतली.

७

अधिकारी खरंच तरुण निघाला. खारं पाणी उडून त्याची वर्दी ओली झाली होती. शिष्याचं भांडण त्याला बोटीवरच, ती चालवणाऱ्या रखवालदाराच्या भावाकडून कळलं होतं, त्यामुळे तो उतरला तोच शिष्याला शोधत. त्याच्यासमोर लेक जाऊन उभी राहिली.

तिनं सांगितलं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं. फौजदारबाई बाजूला बसून होत्या. मधे फक्त दोनदा बोलल्या, एकदा बाटलीबद्दल आणि एकदा मिठाबद्दल. अधिकाऱ्यानं चित्राची कड चाखून पाहिली नाही, पण बोट लावून पाहिलं आणि बोटाकडे बघत राहिला.

शिष्य भिंतीला टेकून उभा होता. लेकीचं बोलणं संपल्यावर त्याच्यावर काल आलेल्या संशयाबद्दल ती काहीतरी म्हणायला गेली, तेवढ्यात तोच म्हणाला, “ते आकाश तुमचं आहे?”

“हो.”

“कुठं शिकलात?”

“मागं उभी राहून,” ती म्हणाली. “तुम्हाला शिकवत होते ना ते, तेव्हा.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. त्याला राग यायला हवा होता. तो शोधत असल्यासारखा थोडा वेळ उभा राहिला आणि मग मास्तरांचा देह बोटीपर्यंत न्यायला पुढे झाला.

जेट्टीवर फौजदारबाईंनी दंतवैद्यांना बाजूला घेतलं. “डॉक्टर, दुसऱ्या हाकेला ती गेली असती तर ते वाचले असते?”

दंतवैद्यांनी समुद्राकडे पाहिलं. “नाही,” ते म्हणाले. “या बेटावर तर नाहीच.” आणि थोड्या वेळानं, “मी दातांचा डॉक्टर आहे, बाई. पण नाही.”

ते खरं होतं की दयाळू, हे फौजदारबाईंनी विचारलं नाही. पुढं अहवाल आला तेव्हा त्यात तेच होतं : कवटीत आतून रक्तस्राव, उपायाच्या पलीकडचा, गुन्हा दाखल झाला नाही. पण ते पंधरवड्यानं. त्या सकाळी कुणालाच काही माहीत नव्हतं.

बोट निघाली. समुद्र अजून उसळतच होता. मागच्या बाजूला पांढऱ्या चादरीखाली मास्तर, शेजारी शिष्य. लेक धाकटीशेजारी बाकावर बसली होती, हात मांडीवर, काय करायचं ते हातांना न कळल्यासारखी. धाकटीनं जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून ठेवलं होतं. बेट लहान होत गेलं. फौजदारबाईंना आता फक्त घर हवं होतं, स्वतःची खाट आणि बंद दार.

वाटेत केव्हातरी लेकीची मान कलली. आधी थोडी, मग एकदम. डोकं धाकटीच्या खांद्यावर आलं, तोंड किंचित उघडं पडलं. लाटा बोटीच्या तळाला धपाधप आपटत होत्या, इंजिन कोकलत होतं, रखवालदाराचा भाऊ सुकाणूवरून ओरडत होता. तिला काही ऐकू येत नव्हतं.

बोट धक्क्याला लागली. दोरखंड फेकले गेले. वर गाडी उभी होती, चार माणसं वाट बघत होती. अधिकारी वाकून म्हणाला, “मॅडम, पुढची जबानी ठाण्यात घ्यायचीय. उठवू का त्यांना?”

धाकटीनं खांदा न हलवता बहिणीकडे पाहिलं.

“साहेब,” फौजदारबाई म्हणाल्या, “आधी बाकीचं सामान उतरवून घ्या.”

सामान फारसं नव्हतं. अधिकाऱ्यानं ते पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मग टोपी काढून समोरच्या बाकावर बसला.